बाबांच्या पोटातला वारा

आमच्या घरात पादण्याला पादणं असं कधी कुणी म्हटलं नाही. आई ‘वारा सरला’ म्हणायची, बाबा काहीच म्हणायचे नाहीत, आणि माझा धाकटा भाऊ विजू शाळेतल्या पोरांकडून शिकलेला एक खोटा संस्कृत श्लोक पुटपुटायचा, ज्यात या कर्माचे उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे प्रकार सांगितलेले असत. आई त्याच्यावर लाटणं उगारायची आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसायची. आज मी हे लिहायला बसले तर सून म्हणते, “आई, काही भी काय लिहिता तुम्ही! ही काय लिहायची गोष्ट आहे?” आहे. आमच्या घरावर आलेला सगळ्यात अवघड हिवाळा वासावाटेच आला होता, आणि त्या हिवाळ्यात मी माझ्या बापाला जेवढं ओळखलं तेवढं त्याआधीच्या सगळ्या वर्षांत ओळखलं नव्हतं. वास वगळून ती गोष्ट सांगायची कशी?

तेव्हा आम्ही इंदूरला स्नेहलतागंजात राहायचो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि पुढे लोखंडी कठड्याची गॅलरी. स्टेशन जवळ, त्यामुळे गाड्यांच्या शिट्ट्या आणि इंजिनांची धाप ऐकतच आम्ही वाढलो. गाडी लेट असली की आईला चुकल्यासारखं व्हायचं. खाली पोरवाल भियांचं नमकीनचं दुकान होतं. सकाळपासून तिथे कढई चढायची आणि बेसन, हिंग, लवंग यांचा खमंग धूर जिन्यातून वर यायचा. पाहुणे म्हणायचे, तुमच्या घरात नुसतं बसलं तरी भूक लागते. बाबा कापड मिलच्या टाइम ऑफिसात हेडक्लार्क होते. कामगारांच्या हजेरीचं सगळं काम त्यांच्याकडे. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, उन्हाळ्यात मनगटावर खसच्या अत्तराचा एक थेंब. बोलणं मोजकं. विणकर खात्यातली दांडगी माणसंसुद्धा त्यांच्या टेबलासमोर आली की आवाज खाली आणायची. ‘बाबूजी’ म्हणायचे सगळे त्यांना. बाबा कधी ओरडले असतील असं मला वाटत नाही. त्यांच्या स्वच्छपणाचाच एक वचक होता.

मिल एकदम बंद पडली नाही. आधी एक पाळी गेली, मग ले-ऑफ सुरू झाला, आणि एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. शहरात तेव्हा दुसरंच काहीतरी चालू झालं होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे काचेचे डबे उभे राहत होते, गच्च्यांवर केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, दुकानात तयार कपडे टांगलेले असायचे आणि लोक म्हणायचे, आता पीथमपूरकडे चला, तिकडे कारखानेच कारखाने आहेत. मिलच्या फाटकासमोर कामगारांनी तंबू ठोकला आणि रोज तिथे बसायला लागले. बाबा स्टाफचे, त्यांनी बसायलाच पाहिजे असं कुणी म्हटलं नव्हतं. तरी ते रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सायकलवर निघायचे आणि दुपार कलल्यावर परत यायचे. आई एकदा म्हणाली, “तुम्हाला काय गरज आहे हो? दिवसभर धुळीत बसायची?” बाबा म्हणाले, “आयुष्यभर त्यांची हजेरी मी घेतली. आता मीच गैरहजर राहू?” यावर आईने डबा भरून दिला.

वास दिवाळीनंतर सुरू झाला. पहिल्यांदा आम्हाला वाटलं मोरी तुंबली. आईने फिनाइल ओतलं. मग वाटलं कपाटामागे उंदीर मेला असेल, म्हणून एका रविवारी विजू आणि मी ते लोखंडी कपाट दम लागेपर्यंत ओढलं. मागे फक्त विजूची हरवलेली गोटी आणि जाळी निघाली. बाबा तेव्हा खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर त्यांनी चेहऱ्यासमोर इतका उंच धरला होता की फक्त बोटं दिसत होती. मग ते उठून गॅलरीत गेले, आणि थोड्या वेळाने खोलीतला वासही गेला. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. विजूने तोंड उघडलं तशी आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्या दिवशी तो श्लोक आमच्या घरातून गेला तो बरेच दिवस परत आला नाही.

वास साधा नव्हता. माणसाच्या पोटात वारा होतोच, आणि कधीमधी त्याला वासही असतो, हे कोणाला ठाऊक नाही? पण हा सडलेल्या अंड्यासारखा होता, आणि आमच्या घरात अंडं कधी आलंच नव्हतं. ढेकरही तसाच. जेवल्यावर बाबांचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट व्हायचं, आत गुडगुड चालायची, आणि सकाळी त्यांच्या संडासच्या फेऱ्या वाढल्या. नळाखाली बादली जोरात सोडून ते आवाज झाकायचे. एवढ्या टापटिपीच्या माणसाला हे किती लागत असेल, ते आज माझ्या वयात मला जास्त कळतं.

आईने कंबर कसली. आधी स्वयंपाकघरातून संशयितांची हकालपट्टी झाली. मुळा गेला, फुलकोबी गेली, मटार गेले, कच्चा कांदा आणि लसूण गेले, उडदाची डाळ गेली, चवळी गेली. आता इंदूरच्या हिवाळ्यातून एवढं काढलं की राहतं काय? गल्लीत गराडूचे कंद तळले जायचे, मटारच्या कचोऱ्यांचा घाणा निघायचा, आणि आमच्या ताटात मुगाचं वरण, दुधी आणि भात. विजू रडकुंडीला आला. मग उपाय सुरू झाले. जेवणाच्या पहिल्या घासाला तुपात कालवलेलं हिंगाष्टक. जेवणानंतर भाजलेला ओवा आणि काळं मीठ. ताकात जिरं. बडीशेपेचा काढा. बेंबीभोवती हिंगाचा गरम लेप. पोरवाल भियांना कोणी सांगितलं नव्हतं, पण खालच्या मजल्यावर राहणाऱ्याला वरच्या घराचं सगळं कळतं. त्यांनी एक दिवस जिन्यात आईला गाठून कागदाच्या पुडीत लवंगा दिल्या. म्हणाले, “भाभी, बाबूजी से कहना, मुँह में रखें। अपने यहाँ तो इसी पे दुनिया चलती है।” आणि डोळ्याला डोळा न देता निघून गेले. त्यांचा तो मोठेपणा. कोणी म्हणालं पवनमुक्तासन करा, तर बाबा पहाटे दार लावून गुडघे छातीशी घेऊन पडायचे.

यातल्या एकालाही मी आज नावं ठेवणार नाही. ओव्याने ढेकर मोकळा यायचा, हिंगाने पोटातला पीळ सैल व्हायचा, बडीशेपेने बाबांना घटकाभर झोप लागायची. साध्या वाऱ्याला एवढं पुष्कळ होतं. मी आजही जड जेवणानंतर ओवाच चावते. पण बाबांचा वारा साधा नव्हता आणि तो उपायांना हसत होता. शिवाय आईने एक गोष्ट नकळत उलटी केली होती. नवरा खंगतोय म्हणून ती रोज त्यांना सुंठ घालून पेलाभर दूध द्यायची. जवळच्या हातोद गावाहून मावशी खास म्हशीचं दूध आणि तूप पाठवायची, तेही मायेनेच. दूध प्यायल्यावर बाबांचं पोट आणखी फुगायचं. पण दूध वाईट असेल असं आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

हळूहळू बाबा आमच्यातून उठून गेले. जेवायला ते पाटावर बसेनात. ताट घेऊन गॅलरीत जायचे. अंथरूणही तिकडेच नेलं, थंडीत, दोन रजया घेऊन. दर गुरुवारी आमच्या मराठी मंडळींचं भजन असायचं आणि बाबा तिथे झांजा वाजवायचे. ते बंद झालं. मंडळींनी विचारलं तर म्हणाले, “घसा ठीक नाही.” झांजा वाजवायला घसा कशाला लागतो, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. फक्त तंबूत जाणं त्यांनी सोडलं नाही. तिथे उघड्यावर, एका कडेला बसता यायचं. शर्ट अंगावर लोंबायला लागले. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवं भोक पाडलं. आई ते शर्ट आतून शिवून घालायची आणि शिवताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असायचे. तिचे वडील पोटातल्या गाठीने गेले होते. तेही आधी असेच वाळत गेले होते. मला कळलं, आणि तिला कळलं की मला कळलंय.

अशात पोरवाल भियांच्या दुकानात बाबांसाठी फोन आला. मिलचे एक जुने मॅनेजर पीथमपूरच्या एका कारखान्यात गेले होते आणि त्यांना स्टोअर सांभाळायला भरवशाचा माणूस हवा होता. आई देवापुढे साखर ठेवायला धावली. बाबा फोनवर बोलून वर आले आणि म्हणाले, “मी ‘नाही’ म्हणून सांगितलं.”

आई साखरेची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. “नाही? मतलब?”

“जमणार नाही मला.”

“का जमणार नाही? मिल उघडणार आहे का आता? तुम्हीच सांगा, उघडणार आहे?”

बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. तिकडेच बघत म्हणाले, “स्टाफला न्यायला बंद मॅटाडोर येते. तासाभराचा रस्ता. खिडक्या लावलेल्या. आठ-दहा माणसं खांद्याला खांदा लावून. त्यांच्यात मी कसा बसू? तूच सांग.”

ते पहिल्यांदा तोंडाने बोलले. माझ्यासमोर बोलले. आईने वाटी खाली ठेवली, चप्पल घातली आणि म्हणाली, “शर्ट बदला. आपण आत्ता डॉक्टरकडे जाऊन राहिलोय. कुंदे, तू पण चल. हे रस्त्यातून पळाले तर धरायला कोणी पाहिजे.”

नलिनी डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. डॉक्टर चाळिशीच्या, बुटक्या, चष्मा सारखा नाकावर घसरणाऱ्या. आमच्या गोवर-कांजिण्या त्यांनीच पाहिलेल्या. बाबा त्यांच्यासमोर पाठ ताठ करून बसले आणि म्हणाले, “काही विशेष नाही. थोडी ॲसिडिटी.”

“ॲसिडिटी नाही,” आई म्हणाली. “डॉक्टर, ह्यांच्या पोटातून घाण वारा सरतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो. ढेकरालापण. रोज. दिवाळीपासून. आणि हे अर्धे झालेत. आमच्यात बसत नाहीत, जेवत नाहीत. मला... माझ्या वडिलांचं असंच...”

मी बाबांकडे पाहू शकले नाही. मी भिंतीवरच्या गुबगुबीत बाळाच्या चित्राकडे पाहत राहिले. डॉक्टर हसल्या नाहीत, नाक मुरडलं नाही, की ‘हिंग घ्या’ म्हणाल्या नाहीत. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि आपण पत्ता विचारतो तितक्या सहज विचारायला लागल्या. संडासला पातळ होते का? चिकट, तेलकट? पाण्यावर तरंगते? दूध घेतल्यावर जास्त होतं का? बाबा आधी एकेका शब्दात आणि मग, कोणीतरी बांध फोडावा तसे, सगळं सांगत गेले. आई तोंडावर हात ठेवून ऐकत होती. दुधाचं तिला तेव्हाच कळलं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, “पाणी कुठलं पिता?”

“नर्मदेचं. नळाचं,” आई म्हणाली.

“घरी. आणि बाहेर?”

बाबा म्हणाले, “तंबूत माठ असतो. मिलच्या आतल्या जुन्या हौदातून भरतात. चौकीदार बादली आत सोडू देतो.”

“हौद झाकलेला आहे?”

बाबांनी नकारार्थी मान हलवली. “पूर्वी होता. शेजारून संडासची लाइन जाते. मिल बंद झाल्यापासून तिकडे कोणी पाहत नाही.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “हे बघा, तपासल्याशिवाय मी काही ठाम बोलत नाही. पण मला हे गाठीसारखं वाटत नाही, वहिनी. पाण्यातून एक बारीक जंतू पोटात जातो, आतड्याला चिकटून बसतो. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, आतच सडतं, त्याचा हा वारा. ओव्याने तो मरत नाही. संडास तपासायला द्या. पहिल्या वेळी नाही सापडला तर परत द्यायची, कंटाळायचं नाही.”

नमुना न्यायचं काम माझ्याकडे आलं. कॅमेऱ्याचा रोल ज्या छोट्या काळ्या डबीत येतो ती मी मैत्रिणीकडून मागून आणली, तिला वर्गातल्या फोटोचं काहीतरी सांगून. लॅबमधला माणूस ती डबी बघून म्हणाला, “फोटो धुलवाना है क्या?” मला हसू आवरेना, आणि हसता हसताच मला कळलं की कितीतरी दिवसांत मी हसलेच नव्हते. पहिल्या डबीत काही निघालं नाही. आईचा चेहरा पुन्हा उतरला. दुसऱ्या डबीत तो जंतू निघाला. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून आईला नुसतं होकारार्थी मान हलवून सांगितलं, आणि माझी आई दवाखान्याच्या बाकावर बसून, पेशंट लोकांच्या देखत, हमसून हमसून रडली. जंतू निघाला म्हणून एवढी सुखावलेली बाई त्या दवाखान्याने दुसरी पाहिली नसेल.

गोळ्यांनी बाबांच्या तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव यायची. दूध काही आठवडे बंद, मग थोडं थोडं. पाणी उकळून. पण आठवड्याभरातच सकाळची बादली शांत झाली. एका संध्याकाळी बाबा गॅलरीतून ताट घेऊन आत आले आणि पाटावर बसले. आईने वरण वाढलं. विजूने पुष्कळ वेळ दम धरला आणि मग हळूच विचारलं, “आता फुलकोबी आणायची?” बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

गोष्ट इथे संपली असती तर ती आमच्या घरापुरती राहिली असती. पण गोळ्या देताना डॉक्टर एक वाक्य बोलल्या होत्या: “त्या माठाचं पाणी जे जे पितात, त्यांना कळायला पाहिजे.” बाबा ते वाक्य घेऊन दोन दिवस घरात येरझारा घालत होते. आई म्हणाली, “नुसतं सांगा नं, पाणी खराब आहे म्हणून. स्वतःचं कशाला सांगायचं?” बाबा म्हणाले, “पाणी खराब आहे म्हणून मागेही कोणी म्हटलं होतं. सगळे ‘हो हो’ म्हणाले आणि प्यायले. नुसतं पाणी म्हटलं तर कोणी ऐकणार नाही.”

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले तर ते म्हणाले, “चल, माझ्याबरोबर.” का ते सांगितलं नाही. आम्ही सायकली काढल्या. फाटकासमोर कापडाचा तंबू, खाली सतरंज्या, पन्नासएक माणसं, कोणी पेपर वाचतंय, कोणी बिडी ओढतंय, आणि कडेला विटांवर तो लाल माठ, त्यावर पितळी पेला. बाबांना बघून लोकांनी जागा करून दिली. बाबा बसले नाहीत. उभेच राहिले, माठाजवळ. शर्टाची इस्त्री कडक होती, पण मला दिसत होतं, त्यांची बोटं शर्टाच्या काठाशी चाळा करत होती.

“मुझे एक बात कहनी है,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, हलका. म्हणून सगळे गप्प झाले. “दिवाली के बाद से मेरे पेट से बहुत गंदी हवा निकलती थी। सड़े अंडे जैसी। डकार भी वैसी। घर में सब के साथ बैठ नहीं सकता था। मैं समझा, बड़ी बीमारी है। शर्म के मारे किसी को बताया नहीं। जाँच कराई तो कीड़ा निकला। वह इस पानी से आता है।” त्यांनी पितळी पेला उचलून उलटा ठेवला. “जिस-जिस को ऐसी तकलीफ़ हो, वह छुपाए नहीं। इसमें शर्म की बात नहीं है। मुझे थी, इसलिए बोल रहा हूँ।”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. माझे कान तापले. मग सगळीकडे चुळबुळ झाली, माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि एक जाडजूड मिशीवाला म्हणाला, “तो अपने को अकेले को नहीं है यह!” मग दुसरा बोलला, तिसरा बोलला, एकजण शेजाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “मैं रोज सोचता था यह है, और यह सोचता था मैं हूँ!” आता मात्र सगळा तंबू हसायला लागला. कित्येक महिन्यांत त्या जागी इतकं हसू झालं नसेल. बाबाही हसत होते, घाम पुसत.

एकच माणूस हसत नव्हता. कन्हैयालाल, विणकर खात्यातला, उंच, खाकी स्वेटरमधला. तो उठून बाबांच्या जवळ आला आणि माळवीत म्हणाला, “बाबूजी, म्हारी छोरी ने बी योज है।” त्याच्या पोरीलाही हेच होत होतं. त्यांच्या वस्तीत नळाला पाणी येत नव्हतं म्हणून तो रोज संध्याकाळी याच हौदाचं पाणी कॅनमध्ये भरून सायकलवर घरी न्यायचा. मुलगी लहान, दीड-दोन वर्षांची. तिचं पोट फुगायचं, घाण वास यायचा, हातपाय काड्या झाले होते. बायको नजर उतरवायची. शेजारणी म्हणायच्या, ही पोरगी जगायची नाही. बाबांनी त्याचं बोलणं पुरतं होऊ दिलं नाही. “कुठे आहे ती? आत्ता चल.” मग आपण मराठीत बोललो हे लक्षात येऊन तेच हिंदीत म्हणाले. त्या दिवशी माझं कॉलेज बुडालं. आधी आम्ही त्याच्या वस्तीत गेलो. कन्हैयालालची बायको पोरीला शालीत गुंडाळून माझ्या सायकलच्या मागे बसली आणि आम्ही थेट नलिनी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी पोरीला हातात घेतलं आणि कन्हैयालालला म्हणाल्या, “वेळेवर आणलंत.” एवढंच. पण तो माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसून पुष्कळ वेळ रस्त्याकडे बघत राहिला.

तंबूतल्या माठात नंतर हौदाचं पाणी कधी आलं नाही. बायकांनी पुढाकार घेतला. तीन विटांची चूल मांडून त्या पाणी उकळायला लागल्या, आणि जवळच्या देवळाच्या नळावरून पाळीपाळीने कॅन यायला लागले. डॉक्टरांनी कितीतरी जणांना तपासलं, कोणाला नुसत्या मुळ्याच्या भाजीचा वारा होता त्याला हसून परत पाठवलं, कोणाला गोळ्या दिल्या. मिल मात्र उघडली नाही. ते दुःख मोठं होतं, त्याला कुठल्याच डॉक्टरकडे औषध नव्हतं, आणि त्या तंबूतली किती माणसं पुढे कुठे कुठे विखुरली ते मला सांगता येणार नाही. बाबांनी मॅनेजर साहेबांना फोन केला. जागा अजून रिकामी होती. पहिल्या दिवशी मॅटाडोर नाक्यावर आली तेव्हा आई गॅलरीत उभी होती. बाबा आत चढले, खिडकीशी नाही, अगदी मधे बसले, दोन माणसांच्या मधे, आणि दार लागलं.

आज बाबा नाहीत, आई नाही, नलिनी डॉक्टरही नाहीत. टीव्हीवर गॅसच्या पावडरींच्या जाहिराती लागतात, त्यात माणसं गालाला हात लावून गोड गोड लाजतात. मला ते बघून वाटतं, लाज ही केवढी महागडी गोष्ट आहे. माझ्या वडिलांनी ती एका सकाळी सगळ्यांच्या देखत खाली ठेवली, आणि त्यामुळे एक पोर वाचलं. पोरवाल भियांच्या लवंगा, मावशीचं दूध, आईचं ते धडधडीत वाक्य, डॉक्टरांचं न मुरडलेलं नाक, या सगळ्यांचे मी मनात आभार मानते. पण तंबूतली ती सकाळ आठवली की आभार हा शब्द लहान वाटतो.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला कन्हैयालाल बायको-मुलीला घेऊन आमच्याकडे आला. मुलीचं नाव गोमती. आई तिच्यासाठी खास मऊ भात शिजवून बसली होती. पोरीचे गाल भरले होते, केसांना तेल लावून घट्ट शेंडी बांधली होती. तिने वरणभात खाल्ला, आणखी मागितला, तोही खाल्ला, आणि मग सतरंजीवर पाय पसरून बसली असताना तिच्या त्या एवढ्याशा देहातून एक मोठा, ठणठणीत आवाज निघाला. तिची आई शरमेने लाल झाली. कन्हैयालालने मान खाली घातली. आमची आई घाईघाईने पाण्याचा तांब्या पुढे करायला लागली.

बाबांनी घास खाली ठेवला. डोळे मिटले, मान वर केली, आणि भजनाच्या बैठकीत गवयाची तान ऐकावी तशा गंभीर चेहऱ्याने एक दीर्घ श्वास घेतला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

“काही नाही,” ते म्हणाले, “बिलकुल वास नाही.” आणि कन्हैयालालकडे वळून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत, “तेरी छोरी अच्छी हो गई रे!”